फुप्फुसाचे पुनर्प्रत्यारोपण आणि छातीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास : महाराष्ट्र व खानदेशच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : फुप्फुस प्रत्यारोपण, पुनर्प्रत्यारोपण, छातीची शस्त्रक्रिया, क्षयरोग, मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, खानदेश.

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास आपल्याकडे बहुधा 'पहिल्या'चा इतिहास म्हणून लिहिला जातो. पहिली शस्त्रक्रिया कोणी केली, कोणत्या रुग्णालयात केली, रुग्ण किती दिवस जगला, एवढे नोंदवले की अभ्यासकाचे काम संपले असे मानण्याची प्रथा पडली आहे. एकदा बदललेला अवयव निकामी झाला आणि त्याच रुग्णाच्या शरीरात तोच अवयव पुन्हा बसवावा लागला, तर शल्यविशारदापुढे कोणते प्रश्न उभे राहतात, याचा विचार इतिहासलेखनात क्वचितच होतो. वास्तविक दुसरी शस्त्रक्रिया हीच पहिलीची खरी परीक्षा असते. पहिल्या वेळी केलेली प्रत्येक निवड, छेद कोणत्या बाजूने घेतला, श्वासनलिका कोठे जोडली, कोणता पडदा उघडला, दुसऱ्या वेळी शल्यविशारदाच्या हाताखाली पुन्हा येते.

प्रस्तुत लेखात फुप्फुसाच्या पुनर्प्रत्यारोपणातील शस्त्रक्रियेच्या मार्गांचा ऐतिहासिक परामर्श घेण्यात आला आहे. हा विषय टोरांटो वा स्टॅनफर्डचा वाटत असला, तरी त्याची एक मुळी महाराष्ट्रातील क्षयरोग रुग्णालयांत आणि दुसरी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६८ मध्ये झालेल्या एका प्रयत्नात सापडते. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांचा त्याच्याशी असलेला संबंध शोधताना मात्र यशापेक्षा अंतराचा आणि नोंदींचा विचार अधिक करावा लागतो.

क्षयरोगाच्या काळातील छाती

छाती उघडली की फुप्फुस आक्रसते आणि रुग्ण गुदमरतो, या भीतीमुळे पोटाच्या व हाडांच्या शस्त्रक्रिया बऱ्याच पुढे गेल्यानंतरही छाती ही शल्यविशारदाला निषिद्ध भूमी राहिली. तिच्यात पहिला नियमित शिरकाव क्षयरोगाच्या निमित्ताने झाला. इटलीतील कार्लो फोर्लानिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगी फुप्फुसाभोवती हवा भरून त्याला विश्रांती देण्याची पद्धत रूढ केली. परंतु ज्या रुग्णाचे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असे, त्याच्या बाबतीत हवा भरूनही ते दबत नसे. स्वीडनचे हान्स ख्रिश्चन याकोबेयस यांनी १९१० पासून छातीत दुर्बीण घालून पाहण्यास आणि पुढे १९१३ च्या सुमारास हे चिकटलेले बंध जाळून तोडण्यास सुरुवात केली. जेथे हेही जमत नसे तेथे बरगड्या काढून छातीची बाजूच खचवली जाई. अशा शस्त्रक्रियेतून वाचलेली, एका खांद्याने झुकलेली माणसे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक गावांत दिसत असत.

महाराष्ट्रात या उपचारांची केंद्रे मोजकी होती. डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेस उभारलेल्या रुग्णालयाच्या पाठोपाठ १९२० मध्ये वान्लेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. पाचगणी, मुंबईतील शिवडी, पुण्याजवळील औंध ही इतर ठिकाणे होत. खानदेशातील ज्या कुटुंबास परवडे, त्याचा रुग्ण रेल्वेने नाशिक-मुंबईकडे वा थेट दक्षिण महाराष्ट्रात पाठवला जाई. ज्यास परवडत नसे तो घरीच राही. स्वतंत्र भारतात छातीच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. रीव्ह बेट्स यांनी १९४९ मध्ये सुरू केला. तेथे शिकलेल्या आणि त्या पद्धती उचललेल्या शल्यविशारदांपुढील रुग्ण बहुतांशी क्षयाचेच होते.

स्ट्रेप्टोमायसिन व त्यानंतरच्या औषधांनी हे चित्र पालटले. मद्रास येथील क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५६ पासून केलेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून, औषधे नियमित घेतल्यास घरी राहणारा रुग्णही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, असे सिद्ध झाले. गरीब देशाच्या दृष्टीने हा शोध क्रांतिकारकच म्हटला पाहिजे. मात्र त्याचा एक दुय्यम परिणाम असा झाला की छातीची शस्त्रक्रिया हळूहळू जिल्ह्याच्या पातळीवरून नाहीशी होत गेली आणि हृदयशस्त्रक्रियेच्या छत्राखाली महानगरांत एकवटली.

क्षय बरा झाला तरी त्याने मागे ठेवलेली छाती बरी होत नाही, हा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो. फुप्फुसाचा पडदा आणि बरगड्यांचा पडदा एकमेकांस घट्ट चिकटलेले राहतात. त्यांत नव्या, पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्या वाढतात. वैद्यकीय परिभाषेत यांस आसंजने म्हणतात. पुनर्प्रत्यारोपणात शल्यविशारदाचा पहिला शत्रू नेमका हाच असतो. पाश्चात्य ग्रंथांत पहिले प्रत्यारोपण आणि पुनर्प्रत्यारोपण यांत जो स्पष्ट भेद केला जातो, तो भारतीय रुग्णाच्या बाबतीत म्हणूनच पुष्कळदा पुसट होतो. ज्याच्या छातीत पूर्वी क्षय होऊन गेला आहे, त्याचे पहिले प्रत्यारोपणही छातीत शिरण्याच्या दृष्टीने दुसऱ्यासारखेच कठीण असते.

के. ई. एम. रुग्णालय, १९६८

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आशियातील पहिले आणि जगातील सहावे हृदय प्रत्यारोपण केले. डॉ. गुरुकुमार परुळकर हे त्यांच्या चमूतील प्रमुख सहकारी होते. महापालिकेच्या रुग्णालयात, परदेशी चलनाच्या टंचाईच्या काळात, श्वानांवरील दीर्घ प्रयोगांच्या बळावर हा प्रयत्न करण्यात आला होता, हे विसरता येत नाही. १९६५ मध्ये याच गटाने मृत दात्याच्या मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाचाही प्रयत्न केला होता.

रुग्ण सुमारे ३ तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणातील रुग्ण सुमारे १४ तास जगला. या मृत्यूंच्या कारणमीमांसेकडे इतिहासलेखकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. नवे हृदय स्वतः दुर्बळ नव्हते. रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा रोध आजारामुळे इतका वाढलेला होता की निरोगी माणसाच्या हृदयाची सवय असलेली उजवी बाजू त्या दाबापुढे टिकू शकली नाही. म्हणजे हृदय बदलले, पण फुप्फुस जुनेच राहिले. हृदय आणि फुप्फुसे एकत्र बदलावीत, हा विचार जगात मूर्त होण्यास यानंतर १३ वर्षे लागली. ९ मार्च १९८१ रोजी स्टॅनफर्ड येथे डॉ. ब्रूस राइट्झ यांनी तसे यशस्वी प्रत्यारोपण केले. भारतात ते चेन्नई येथे डॉ. के. एम. चेरियन यांच्या हातून १९९९ मध्ये घडले.

के. ई. एम.च्या प्रयत्नाकडे अपयश म्हणून पाहण्याची रीत आहे. ती अर्धवट आहे. १९६८ मध्ये भारतात मेंदूमृत्यूची कायदेशीर व्याख्याच नव्हती. नेत्रपटलासाठी १९५७ चा मुंबई कायदा होता, शवविच्छेदनासाठी १९४९ चा होता. परंतु हृदयाची धडधड चालू असलेल्या माणसास मृत ठरवण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. अवयव मिळण्याचा मार्ग अशा रीतीने बंद असताना तंत्र शिकण्याचा मार्गही आपोआप बंद झाला. त्यानंतर पाव शतक हृदय-फुप्फुसाच्या प्रत्यारोपणात देश गप्प राहिला, त्याचे कारण शल्यविशारदांच्या कौशल्यात शोधणे अन्यायकारक होईल.

श्वासनलिकेचा सांधा

फुप्फुस प्रत्यारोपणाचा स्वतंत्र इतिहास ११ जून १९६३ पासून सुरू होतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे डॉ. जेम्स हार्डी यांनी एका कैद्यास डावे फुप्फुस बसवले. तो १८ दिवस जगला. (त्याच रात्री नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांच्यावर गोळी झाडली गेली आणि त्यांना त्याच रुग्णालयात आणण्यात आले; दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत प्रत्यारोपणास दुय्यम स्थान मिळाले यात नवल नाही.) पुढील २० वर्षांत जगभर सुमारे ४० प्रयत्न झाले. बेल्जियममधील घेंट येथे डॉ. फ्रित्झ देरोम यांच्या १९६८ च्या रुग्णाचा अपवाद वगळता, जो सुमारे १० महिने जगला, बाकी सर्व रुग्ण दिवसांत किंवा आठवड्यांत दगावले.

या अपयशाचे मूळ शरीररचनेत होते. मूत्रपिंड, यकृत वा हृदय बसवताना त्यांना रक्त पुरवणारी रोहिणी जोडली जाते. फुप्फुसाच्या बाबतीत अशुद्ध रक्त आणणारी फुप्फुसरोहिणी आणि शुद्ध रक्त नेणाऱ्या शिरा जोडल्या जातात. पण श्वासनलिकेच्या भिंतीचे पोषण करणाऱ्या बारीक रोहिण्या सामान्यतः जोडल्या जात नाहीत. परिणामी श्वासनलिकेचा सांधा उपाशी राहतो, सडतो आणि उसवतो. टोरांटो येथील डॉ. जोएल कूपर यांच्या गटाने प्रयोगशाळेत दाखवून दिले की प्रत्यारोपणानंतर भरपूर दिली जाणारी स्टेरॉइडे हा सांधा भरून येऊ देत नाहीत. त्यांनी पोटातील वपाजाल वर ओढून सांध्याभोवती गुंडाळले आणि नव्याने उपलब्ध झालेल्या सायक्लोस्पोरिनच्या साहाय्याने स्टेरॉइडांचे प्रमाण घटवले. ७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांनी एका फुप्फुसाचे जे प्रत्यारोपण केले, त्यातील रुग्ण ६ वर्षांहून अधिक जगला. १९८६ मध्ये त्याच गटाने दोन्ही फुप्फुसे अखंड बसवली, परंतु मुख्य श्वासनलिकेवरील एकच सांधा वारंवार उसवू लागल्याने दशकाच्या अखेरीस उजवे व डावे फुप्फुस एकामागून एक, स्वतंत्र सांध्यांनी बसवण्याची पद्धत पुढे आली आणि तीच आजतागायत टिकली.

याच पद्धतीबरोबर छातीचा तो रुंद छेद रूढ झाला, ज्यास शल्यविशारद क्लॅमशेल म्हणतात. दोन्ही बाजूंच्या चौथ्या बरगडीखालून जाणारा छेद उरोस्थी आडवी कापून मध्यभागी जोडला जातो आणि छातीचा वरचा भाग शिंपला उघडावा तसा उचलला जातो. त्याने दृष्टीस विस्तृत क्षेत्र मिळते. पण उरोस्थी नीट न सांधण्याचा धोका राहतो. म्हणून पुढे काही केंद्रांनी उरोस्थी न कापता दोन स्वतंत्र लहान छेद घेण्यास, तर काहींनी हृदयशस्त्रक्रियेप्रमाणे उरोस्थी उभी कापण्यास सुरुवात केली. एकाच फुप्फुसासाठी रुग्णास कुशीवर निजवून मागच्या-बाजूच्या अंगाने छाती उघडणे पुरेसे असते.

दुसऱ्यांदा छाती उघडताना

१९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच बसवलेली फुप्फुसे निकामी होऊन पुन्हा बदलण्याची वेळ येऊ लागली. कारणे मुख्यतः तीन होती : बसवल्याबरोबर फुप्फुसाने काम न करणे, श्वासनलिकेच्या सांध्याचा बिघाड, आणि शरीराने परकीय फुप्फुस सावकाश नाकारणे. तिसरे कारण संख्येने सर्वांत मोठे आहे. प्रत्यारोपणानंतर ५ वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांत बारीक श्वासवाहिन्या वणांनी आकसू लागतात, आणि यास पूर्णतः परतवणारे औषध अद्याप नाही.

कॅनडातील डॉ. रिचर्ड नोविक यांनी १९९१ मध्ये पुनर्प्रत्यारोपणाची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू केली. या विषयाच्या इतिहासात या नोंदवहीचे स्थान कोणत्याही एका शस्त्रक्रियेहून मोठे मानावे लागते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात २३० रुग्णांचा समावेश होता. त्यांतील ४७ टक्के १ वर्ष, ४० टक्के २ वर्षे आणि ३३ टक्के ३ वर्षे जगले. वरवर पाहता हे आकडे निराशाजनक आहेत. परंतु नोंदवहीने असे दाखवले की जे रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी चालू-फिरू शकत होते व कृत्रिम श्वसनयंत्रावर नव्हते, त्यांचे निकाल बरेच चांगले होते. पहिल्या प्रत्यारोपणानंतर थोड्याच दिवसांत घाईने केलेली पुनर्प्रत्यारोपणे मात्र बहुधा फसत. शस्त्रक्रिया कोणावर करावी हे ठरवण्यात तंत्राइतकेच महत्त्व वेळेला आहे, हा धडा एका शल्यविशारदाच्या अनुभवातून मिळाला नसता.

तंत्राच्या दृष्टीने पहिला प्रश्न बाजूचा असतो. ज्या रुग्णास पूर्वी एकच फुप्फुस बसवले आहे, त्यास दुसऱ्या वेळी कोणत्या बाजूस बसवावे? न उघडलेली बाजू निवडली तर आसंजने टळतात, रक्तस्राव कमी होतो, शस्त्रक्रिया लवकर आटोपते. पण जुने, निकामी झालेले फुप्फुस आत राहते. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांच्या छायेत ते जंतूंचे घर बनण्याची भीती असते. जुनीच बाजू निवडली तर ही भीती जाते, पण शल्यविशारदास वणांनी भरलेल्या क्षेत्रात शिरावे लागते. दोन्ही मतांचे पुरस्कर्ते आढळतात. जुने फुप्फुस संसर्गग्रस्त असेल तर ते काढलेच पाहिजे, याविषयी मात्र फारसे दुमत नाही.

दोन्ही फुप्फुसे बदलायची असल्यास बहुधा जुन्याच क्लॅमशेल छेदाने प्रवेश केला जातो, कारण अवघड जागी रक्तस्राव झाल्यास विस्तृत दृष्टिक्षेत्राला पर्याय नसतो. फुप्फुस छातीच्या भिंतीपासून सोडवण्यातच कित्येकदा तासांमागून तास जातात. जेथे पडदे अजिबात सुटत नाहीत तेथे बरगड्यांच्या आतील पडद्याबाहेरून वाट काढावी लागते, आणि ही वाट रक्ताची असते. श्वासपटल हलवणारा मज्जातंतू हृदयावरणाला लागून उतरतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तो वणात गुरफटलेला असतो. तो दुखावला तर नवे फुप्फुस निर्दोष असूनही रुग्णास श्वास घेता येत नाही. स्वरयंत्राकडे वळणाऱ्या डाव्या मज्जातंतूचीही तीच गत.

फुप्फुसाच्या मुळाशी पोहोचल्यावर जुने सांधे भेटतात. अशा वेळी रक्तवाहिन्या बाहेरून सोडवण्याऐवजी हृदयावरण उघडून आतल्या, न उघडलेल्या भागात त्यांच्यावर ताबा मिळवणे अधिक सुरक्षित समजले जाते. हृदयाच्या डाव्या कर्णिकेची कड पहिल्या वेळी वापरली गेल्यामुळे आखूड झालेली असते. दोन कर्णिकांमधील खाच सोडवून ती थोडी लांबवता येते. श्वासनलिकेच्या बाबतीत पहिल्या दात्याची उरलेली कड काढून रुग्णाच्या स्वतःच्या ऊतीपर्यंत मागे जाणे शक्य असेल तर तेच श्रेयस्कर, कारण तेथील रक्तपुरवठा स्वतःचा असतो. शक्य नसल्यास दुसऱ्या दात्याची नलिका पहिल्या दात्याच्या नलिकेस जोडावी लागते. म्हणजे एकाच श्वासमार्गात तीन माणसांची ऊती येते.

रक्ताभिसरण सांभाळण्याच्या साधनांनीही या शस्त्रक्रियेचे रूप बदलले. हृदय-फुप्फुस यंत्रासाठी रक्त पातळ करणारे हेपॅरिन मोठ्या मात्रेत द्यावे लागते, आणि सोलवटलेल्या छातीत तेच रक्तस्रावाचे कारण ठरते. एक्मो या यंत्रास कमी हेपॅरिन पुरते. त्यामुळे २००० नंतर अनेक केंद्रे तिकडे वळली. निकाल सुधारले हे खरे, तथापि अंतर बुजलेले नाही. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार पहिल्या प्रत्यारोपणानंतर निम्मे रुग्ण सुमारे साडेसहा वर्षांपर्यंत जगतात. पुनर्प्रत्यारोपणात हा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो. एका रुग्णास दुसऱ्यांदा फुप्फुस देणे म्हणजे यादीतील दुसऱ्या कोणास पहिल्यांदा न देणे होय, हा नैतिक पेच या आकड्यांतूनच निर्माण होतो. अमेरिकेत २००५ पासून निकड आणि अपेक्षित लाभ यांवर आधारित गुणांकन लागू झाले, आणि पुनर्प्रत्यारोपणाचे रुग्ण त्याच निकषांवर यादीत येऊ लागले. पूर्वीची संधी मिळाली म्हणून कोणास वगळू नये, ही भूमिका त्यामागे होती. जेथे अवयव मुबलक नाहीत तेथे ती जशीच्या तशी स्वीकारावी काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

कायदा आणि खानदेश

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने १९९४ मध्ये संमत केला आणि महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून अमलात आला. तत्पूर्वी महाराष्ट्रात १९८२ चा मूत्रपिंड प्रत्यारोपण कायदा होता. नव्या कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूस मान्यता दिली. चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो प्रमाणित करावा अशी तरतूद झाली. मंडळात मेंदुविकारतज्ज्ञ हवा, ही अट मुंबई-पुण्यास सोपी होती. धुळे वा जळगावसारख्या जिल्ह्यांत तीच अट दारातील अडसर ठरत होती. २०११ च्या दुरुस्तीने, असा तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास शल्यविशारद, भिषक, भूलतज्ज्ञ वा अतिदक्षता तज्ज्ञास नेमण्याची मुभा दिली. ग्रामीण जिल्ह्यांच्या दृष्टीने मूळ कायद्याइतकेच महत्त्व या दुरुस्तीस द्यावयास हवे.

खानदेशात वैद्यकीय शिक्षण उशिरा आले. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश अशी विभागणी झाली. परंतु धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास १९८९ साल उजाडले, तर जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. के. ई. एम.मध्ये हृदय बदलले जात होते तेव्हा तापीकाठच्या या प्रदेशातील विद्यार्थ्यास आधुनिक वैद्यक शिकण्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर वा औरंगाबाद गाठावे लागत होते.

फुप्फुसाच्या आजारांची मात्र येथे कधीच वाण नव्हती. कापसाच्या जिनांतील धूळ, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळणाऱ्या चुलीचा धूर आणि क्षय ही जुनी कारणे होत. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल व पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल आजार रक्ताचा मानला जातो. पण त्यातील अनेक रुग्णांचा जीव छातीतील तीव्र विकाराने वा फुप्फुसांतील वाढलेल्या रक्तदाबाने जातो. १९६८ च्या रुग्णाचा घात करणारा तोच दाब. २०२० मध्ये करोनाने फुप्फुसे कायमची निकामी झालेल्या काही रुग्णांवर चेन्नई व हैदराबाद येथे दोन्ही फुप्फुसांचे प्रत्यारोपण झाले, आणि 'लंग ट्रान्सप्लांट' हा शब्द प्रथमच जिल्ह्याच्या वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला. जिनमधील कामगार वा चुलीपुढची स्त्री त्या यादीपर्यंत क्वचितच पोहोचते, हे वेगळे सांगावयास नको.

दात्याच्या बाजूने पाहता अंतर निर्णायक ठरते. बर्फात ठेवलेले फुप्फुस साधारणतः ६ ते ८ तासांच्या आत बसवावे लागते. जळगाव रेल्वेने मुंबईपासून सुमारे ४२० किलोमीटर, धुळे रस्त्याने सव्वातीनशेच्या आसपास आहे. पहिल्या प्रत्यारोपणात हे गणित ओढून-ताणून बसू शकते. पुनर्प्रत्यारोपणात ते बिघडते, कारण छाती सोडवण्यासच कित्येक तास हवे असल्याने अवयव वाटेत असतानाच रुग्णाची छाती उघडावी लागते. आग्रा रोडवर वाहन अडकले, अथवा फुप्फुस पोहोचल्यावर सदोष आढळले, तर उघडलेल्या छातीस उत्तर राहत नाही. टोरांटो येथे २००८ पासून विकसित झालेली, शरीराबाहेर फुप्फुसास श्वास व द्रव पुरवून तपासण्याची पद्धत आणि त्याच शहरात अलीकडे पुढे आलेली, बर्फाऐवजी १० अंश सेल्सिअस तापमानात फुप्फुस ठेवण्याची रीत यांमुळे हा अवधी रात्रभरापर्यंत लांबू शकतो. खानदेशासारख्या दूरच्या प्रदेशातील दात्यास यादीत आणणारे तंत्र म्हणून या दुसऱ्या, स्वस्त रीतीकडे पाहता येईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोंदणीसाठीची अधिवासाची अट काढण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूचे एक कुंपण तरी कागदावर उठले आहे.

शस्त्रक्रियेची नोंद

पुनर्प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यविशारदास सर्वांत आधी हवे असते ते पहिल्या शस्त्रक्रियेचे टिपण. छेद कोणत्या बरगडीखालून घेतला, वपाजाल वर ओढले होते काय, हृदयावरण उघडले होते काय, श्वासपटलाचा मज्जातंतू कोठे दिसला, सांधा टोकास टोक लावून केला की एक नलिका दुसरीत सरकवून, या प्रत्येक ओळीवर त्याचा मार्ग ठरतो. इतिहासकारासही हेच टिपण लागते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून मोडी दप्तरे जपली म्हणून खानदेशचा मध्ययुगीन इतिहास लिहिता येतो. रुग्णालयांच्या नोंदवह्यांना साधन म्हणून अद्याप तेवढी प्रतिष्ठा मिळालेली नाही. मिरजेहून वा शिवडीहून एक बाजू खचवून परतलेल्या खानदेशी क्षयरोग्यांची शस्त्रक्रियापत्रे उपलब्ध असती, तर छातीच्या शस्त्रक्रियेचा येथील इतिहास केंद्रांच्या नावांपलीकडे गेला असता.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरण नियमांनुसार, डॉक्टरांनी आंतररुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावयाची असते आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावयाची असते. फुप्फुस सावकाश नाकारले जाण्याची प्रक्रिया बहुधा त्यानंतरच दिसू लागते. पुनर्प्रत्यारोपणाचा विचार पाचव्या वा सहाव्या वर्षी येतो. चेन्नईस वा हैदराबादेस शस्त्रक्रिया करून घेतलेला जळगावचा रुग्ण पुढील तपासण्यांसाठी मुंबईस जात असेल, तर त्याच्या पहिल्या छेदाचा पुरावा त्याच्या घरातील प्लास्टिकच्या पिशवीतच राहण्याचा संभव अधिक. सुटीच्या कागदावर सामान्यतः शस्त्रक्रियेचे नाव, तारीख व औषधे असतात. मज्जातंतू कोठे होता ते नसते. ते टिपण रुग्णाने ७२ तासांच्या हक्काने पहिल्या ३ वर्षांतच मागून घ्यावे लागते.